कावडीचा खर्च कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका घराने आजोबांना पनवेलच्या पुढे एका केंद्रात नेऊन ठेवलं. आजोबांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. वर्षभरात तीनदा ते पायजम्यावर घराबाहेर पडले होते आणि तिसऱ्या वेळी ठाण्याच्या फलाटावर सापडले. गाडी गेटबाहेर पडली त्याच संध्याकाळी खाली बाकड्यावर खटला उभा राहिला. एका बाजूला संस्कारवाले होते. त्यांतल्या एका काकांनी लातूर जिल्हा परिषदेचा दाखला दिला: आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायला त्यांनी २०२० च्या अखेरीस सुरुवात केली होती. ‘असंच पाहिजे या लोकांना.’ दुसऱ्या बाजूला ‘प्रॅक्टिकल व्हा’वाले. त्यांचं म्हणणं, दोघं नोकरीला जातात, घर दोन खोल्यांचं, मग करणार काय? मुलगा नालायक की परिस्थिती नालायक, यावर दोन तास गेले. त्या केंद्राचं महिन्याचं बिल किती, आणि ते अजून किती वर्षं भरायचं आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डिमेन्शियाच्या माणसाची वर्षानुवर्षांची शुश्रूषा एका घराच्या खिशात मावत नाही, आणि जे खिशात मावत नाही त्यावरून त्या घराचे संस्कार मोजू नयेत. हा खर्च सगळ्यांनी मिळून, वर्गणी काढून उचलायचा आहे. ती वर्गणी कर असेल, विम्याचा हप्ता असेल किंवा दोन्ही मिळून असेल. घर की वृद्धाश्रम हा वाद आपण जितका वेळ घालत बसतो, तितका वेळ ज्यांच्याकडे पैसे मागायला हवेत त्यांच्या दाराशी कुणी फिरकत नाही.

या खटल्यात मी तटस्थ नाही. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तिने खानावळ चालवली. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे मिळून अठरा मेंबर असायचे. सहा वर्षांपूर्वी ती भाजीत मीठ दोनदा घालायला लागली. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आम्ही हसलो. आज ती भांडुपच्या आमच्या घरात पहाटे तीनला उठते, टॉवेलची घडी मांडीवर घेऊन ती थापते आणि विचारते, ‘किती ताटं?’ याचं उत्तर ‘अठरा’ असं द्यावं लागतं. दुसरं काही सांगितलं की ती चिडते, रडते, ओट्याकडे धावते. गॅसच्या शेगडीच्या चाव्या आम्ही काढून कपाटात ठेवतो आणि चहा करताना परत बसवतो. पण या लेखातला ‘आम्ही’ जरा फसवा आहे. पहाटे तीनला ‘अठरा’ म्हणायला बहुतेक वेळा माझी बायको उठते, आणि पतपेढीतली बावीस हजारांची नोकरी सोडली तीही तिनेच. लेख लिहायला वेळ मात्र मला मिळाला आहे.

आता हिशेब. ब्युरोतून येणाऱ्या मावशी सकाळी आठ ते रात्री आठ थांबतात. बारा तासांचे आठशे रुपये, महिन्याचे चोवीस हजार. त्यातले रोजचे दीडशे ब्युरो कापून घेतो, म्हणजे मावशींच्या हाती साडेसहाशेच पडतात. डायपर, अंडरपॅड, क्रीम यांचे पाच हजार. औषधं, डॉक्टर, अधूनमधून रक्ततपासणी यांचे साधारण तीन हजार. हे झाले बत्तीस. बायकोचे गेलेले बावीस त्यात मिळवले की चोपन्न हजार होतात. रात्रपाळीला बाई ठेवायची म्हटलं तर आणखी चोवीस. केंद्रात ठेवायचं तर आम्ही चौकशी केलेल्या दोन ठिकाणी महिन्याला पंचेचाळीस हजार, वर दोन लाख डिपॉझिट. आईला पेन्शन नाही. खानावळवालीला कोण पेन्शन देणार? आणि या हिशेबाला शेवटची ओळ नाही. कॅन्सर, बायपास यांचा खर्च कितीही मोठा असला तरी त्याला कुठेतरी तोंड असतं आणि शेपूट असतं. इथे मेंदू विझत जातो आणि हृदय ठणठणीत असतं. डॉक्टर म्हणतात, ‘बीपी एकदम छान आहे.’ आपण हो म्हणतो, आणि मनात आकडा पुढे सरकतो. त्या आकड्याची लाज वाटते. बाकड्यावरच्या न्यायाधीशांना ही लाज ठाऊक नसते.

आमची आरोग्य विम्याची पॉलिसी चौदा वर्षं जुनी. एकदा रात्री जागरणात मी तिची अपवादांची पानं वाचून काढली. विमा नियामकाने ठरवून दिलेलं एक प्रमाणित कलम आहे. त्यानुसार अंघोळ घालणं, कपडे चढवणं, चालायला मदत करणं अशी रोजच्या व्यवहारातली मदत, ती प्रशिक्षित नर्सने केलेली असो की साध्या मदतनिसाने, घरी असो की शुश्रूषेच्या ठिकाणी, विम्यातून वगळलेली आहे. डिमेन्शियाच्या माणसाला काय लागतं याचं इतकं नेमकं वर्णन मी एखाद्या वैद्यकीय पत्रकातही वाचलेलं नाही. फक्त ते वगळण्याच्या यादीत आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखंच वागवा, आणि त्याच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांचा बिघाडही येतो. कागदावर आई बसते. पण दोन्ही आजारांना जे समान मिळतं ते रुग्णालयातल्या खाटेपुरतंच, आणि तिला तर खाटेवरून उठून पोळ्या करायच्या असतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं. चांगलंच झालं. तेही भरती झाल्यावर. उद्या आई पडून खुबा मोडला तर पैसे मिळतील. ती पडू नये म्हणून शेजारी बसणाऱ्या बाईचे मात्र मिळणार नाहीत.

कायद्याकडे जावं तर २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. न्यायाधिकरण मुलाला पोटगी द्यायला लावू शकतं, पण कमाल महिना दहा हजार. वृद्धाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोटगीची ही मर्यादा काढून टाकणारं आणि जावई-सुनांनाही जबाबदार धरणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि तिथेच राहिलं. समजा ते झालं असतं. माझ्यावर महिना पन्नास हजारांचा आदेश निघाला असता, तर ते पन्नास हजार आले कुठून असते? ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही, त्याच्यासाठी हा कायदा हवाच. पण प्रत्येक घराला तो गुन्हेगार समजून मोजू लागला की जे देऊन देऊन रिकामे झाले त्यांच्यासाठी त्यात एक ओळही उरत नाही.

राज्याच्या योजनेचं नाव तर श्रावणबाळाच्या नावावरून आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना: पासष्टीपुढच्यांना महिना दीड हजार, अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत. वर्षाचं! मुंबईत चोवीस तासांच्या बाईचे जेमतेम एका दिवसाचे पैसे महिनाभर पुरवायचे. आणि नाव घ्यायचंच असेल तर ती गोष्ट शेवटपर्यंत तरी सांगा. श्रावणाने आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रा घडवली, इथवर आपण मुलांना सांगतो. पुढे तो पाणी आणायला जातो आणि मारला जातो, आणि पाण्याची वाट बघत बसलेले दोघंही त्याच्यामागे प्राण सोडतात, कारण कावड उचलायला दुसरा खांदाच नव्हता. बाण राजाचा होता, हेही त्याच गोष्टीत आहे.

आता समोरच्या बाजूचं. तिचे काही मुद्दे खरंच भक्कम आहेत. पहिला सहसा असा येतो: ज्या राज्यात मेळघाटात अजून कुपोषणाने मुलं मरतात, तिथे भांडुपच्या फ्लॅटवाल्याच्या आईसाठी इतरांनी वर्गणी का द्यायची? ज्याच्या नावावर कोट-दीड कोटीचं घर आहे त्याने ते विकावं, गहाण टाकावं. या युक्तिवादापुढे मी अडखळतो, कारण त्यात न्याय आहे. पण मुंबईतलं म्हाताऱ्यांचं घर म्हणजे काय ते बघा. पागडीची खोली, उपकरप्राप्त चाळ, पुनर्विकासात अडकलेली इमारत, झोपडपट्टी पुनर्वसनातली खोली. यांतल्या कशावर बँक सहज कर्ज देते? नावावरची घरं गहाण ठेवून म्हाताऱ्यांना दरमहा रक्कम देण्याची रिव्हर्स मॉर्गेजची सोय २००७ मध्ये आली. तुमच्या ओळखीत कुणी घेतलेली आहे? आणि घर अगदी स्वच्छ कागदांचं असलं तरी सही कोण करणार? १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती भानावर राहिली नाही की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे नेमकं ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी. पालकत्वाच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात डिमेन्शिया येत नाही. मग उरतं ते उच्च न्यायालयात याचिका करून पालक नेमून घेणं. आईच्याच खात्यातले आईसाठीच वापरायचे पैसे काढायला वकील!

तरीही फ्लॅटवाल्याने फुकट घेऊ नये, हे मला मान्य आहे. आयर्लंडने २००९ मध्ये यावर एक रीत काढली. शुश्रूषागृहात गेलेल्या माणसाच्या उत्पन्नातला मोठा वाटा आधी घ्यायचा. राहत्या घराच्या किमतीच्या साडेसात टक्के दरसाल, पण जास्तीत जास्त तीन वर्षंच मोजायचे, आणि ते मृत्यूनंतर वसूल करता येतात. घर डोळ्यांदेखत विकावं लागत नाही, वारसांना फुकट मिळत नाही, आणि दहा वर्षं जगलेल्या माणसाच्या मुलांना त्याच्या दीर्घायुष्याचा दंड बसत नाही. हे आपल्याकडे जसंच्या तसं चालणार नाही. पण ‘घर विका’ आणि ‘सरकार देईल’ यांच्या मध्ये बरीच जागा आहे, एवढं त्यावरून कळतं.

दुसरा मुद्दा: पैसे सरकार देऊ लागलं की मुलं हात झटकतील. हे ऐकलं की मला लालबाग आठवतं. भार कोणी उचलायचा हा वाद बाळंतपणाबद्दलही झाला होता. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून तिचा भार बराचसा सरकारने उचलावा, असा त्यांचा रोख होता. बाळंतपणाइतकी ‘घरातली गोष्ट’ दुसरी कुठली? १९२९ मध्ये कायदा झाला आणि भार पडला तो मात्र गिरणीमालकावर. पुढच्या काळात गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. त्याला रात्रपाळीच्या बंदीसारखी इतरही कारणं होती, पण बाई ठेवली की खर्च आपल्याच अंगावर येतो, हा हिशेब मालकाने केलाच. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तोच लाभ कामगार आणि मालक या सगळ्यांच्या हप्त्यांत वाटून टाकला, तेव्हा एका मालकाला एका बाईचा बोजा वाटण्याचं कारण उरलं नाही. एकाच्या अंगावर टाकलेला भार माणूस टाळतो, वाटून घेतलेला सहन करतो. मुलांच्या बाबतीत माणसाचा स्वभाव बदलतो असं मानायला काय आधार आहे? उलट माझ्या पाहण्यात तरी जे पळाले ते मदत मिळाल्यामुळे पळाले नाहीत. ते चौथ्या-पाचव्या वर्षी, मदत कुठूनच येणार नाही हे कळल्यावर पळाले.

जपानमध्ये सासूसासऱ्यांची शुश्रूषा हे सुनेचंच काम मानलं जाई. एप्रिल २००० पासून तिथे शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशी गाठली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. गरज किती ते तपासून सेवा ठरते आणि बहुतेकांना तिच्या खर्चाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो. विमा येण्याआधी वाद झाला की सेवा द्यावी की रोख रक्कम. तेव्हा रोखीला विरोध केला तो तिथल्या स्त्री संघटनांनी. त्यांचं म्हणणं असं की हातात चार पैसे ठेवले की सून कायमची घरात अडकेल आणि सेवा कधी उभीच राहणार नाही. हे आपण कान देऊन ऐकायला हवं, कारण आपल्याकडे कुठल्याही प्रश्नाला हल्ली खात्यात पंधराशे हे उत्तर निघतं. लाडक्या बहिणीची वयोमर्यादा पासष्ट आहे, हा आणखी एक विनोद.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो: आपलं सरकार हे चालवू शकेल का? आईला मी पालिकेच्या एखाद्या केंद्रात सोडून निर्धास्तपणे ऑफिसला जाईन का? आज नाही जाणार. पण रोजगार हमीची गोष्ट आठवा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याची योजना जोरात राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. पैसा कुठून आणला? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून पैसे कापून ते खडी फोडणाऱ्या माणदेशातल्या बाईपर्यंत नेले. खोटी हजेरीपटं निघाली, मुकादमांनी खाल्लं, सगळं झालं. तरी लाखो घरांची चूल त्यावर पेटली. तो कर आजही आहे. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘पी. टी.’ म्हणून दोनशे दिसतात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाला अडीच हजारांची ही घटनात्मक मर्यादा १९८८ मधली आहे आणि तेव्हापासून तसूभर हललेली नाही. नवी वर्गणी काढायची तर सुरुवात कुठून करायची, याचा शोध फार लांब घ्यावा लागणार नाही. मुंबईच्या बाहेर दुष्काळात होरपळणाऱ्यांसाठी मुंबईने जे केलं, ते स्वतःच्या म्हाताऱ्यांसाठी तिला परवडणार नाही? महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं.

शेवटी राहतो तो ‘पूर्वी नव्हतं का होत?’ हा सवाल. पूर्वी म्हणजे कधी? स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशातलं सरासरी आयुर्मान पस्तिशीही गाठत नव्हतं. डिमेन्शिया होण्याइतकं जगायचेच थोडे. जे जगले त्यांच्यामागे एखादी विधवा आत्या, नाहीतर धाकटी सून, दिवसरात्र फिरत असे आणि तिच्या श्रमाची नोंद कुठल्याच वहीत होत नसे. आता साठीपुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. एवढ्या आत्या आणायच्या कुठून?

मी मागतो आहे ते फार मोठं नाही. प्रत्येक वॉर्डात दिवसभराचं एक केंद्र. पट घसरल्यामुळे पालिकेच्या मराठी शाळांतल्या खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. त्यांतल्या दोन तळमजल्यावरच्या खोल्या, रेलिंग, दाराला नीट कडी, आणि शिकवून तयार केलेल्या चार बायका. वर्षातून पंधरा दिवस घरच्यांना सुटी मिळावी म्हणून काही खाटा. विम्याच्या त्या अपवादाच्या कलमात निदान डिमेन्शियापुरती दुरुस्ती. मुखत्यारपत्राचा कायदा बदलून, भान हरपल्यावरही चालणारं पत्र. केरळने २००८ मध्ये राज्याचं उपशामक शुश्रूषेचं धोरण आणलं. तिथे गावोगावची माणसं वर्गणी काढून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. वर्गणी काढणं लालबागला कुणी शिकवायला नको. आईच्या खानावळीला काही जण ‘भिशी’च म्हणत. अठरा जण महिन्याच्या महिन्याला पैसे टाकत. ज्याची पाळी बंद पडली त्याचं ताट बाकीच्यांच्या जिवावर दोन-दोन महिने चालत असे. ब्याऐंशीच्या गिरणी संपात तर आईने उधारी लिहिणंच सोडून दिलं होतं.

मावशींनी परवा आठ दिवसांची रजा मागितली. त्या मूळच्या महाडकडच्या, राहतात दिव्याला. गावी सासू चुलीवर दूध ठेवून विसरते, दोनदा शेताच्या बांधावर जाऊन बसली, घरी परतायचं कसं ते तिला आठवेना. ‘ताई, हे पण आजींसारखंच असतं का हो?’ त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, आधी डॉक्टरला दाखवा. कुठल्या डॉक्टरला, ते तिला सांगता आलं नाही. ब्युरोने बदलीची बाई पाठवली आहे, एकवीस-बावीस वर्षांची. पहिल्याच दिवशी आईने तिला विचारलं, किती ताटं. ती म्हणाली, तीन. दुपारी मला ऑफिसातून निघावं लागलं.